चिंचिला गवत सोडून बसलाय, हनुवटी ओली – दातांचं असेल का?

अदिती_एडिसन

नमस्कार मंडळी. प्राणीवाले कोणी जागे असाल तर प्लीज वाचा. जरा लांबलचक लिहितेय कारण फोनवर व्हेटला सांगताना निम्मं राहूनच गेलं.

आमच्याकडे एक चिंचिला (दाट मऊ केसांचा, कुरतडणारा, गवत खाणारा छोटा प्राणी) आहे, नाव भुरू, नर, वय सात. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण टेक्सासला शिफ्ट झाला, तिकडच्या उन्हाळ्यात ह्याला कुठे नेणार म्हणून पिंजऱ्यासकट आम्हाला देऊन गेला. त्याच्याकडे हा बिया, मनुका, आणि ते योगर्टचे गोड थेंब मिळतात ना, असलं मिक्स खायचा, गवत नावापुरतं. आम्ही हळूहळू टिमथी गवत आणि साध्या पेलेट्सवर (दाबून केलेले खाण्याचे कडक दाणे) आणला आणि बरेच महिने छान चाललं होतं, रात्री चाकावर पळापळ, भिंतीवर उड्या, सगळं.

आता झालंय असं की पेलेट्सची वाटी वाजली की अजूनही धावत येतो, एक दाणा दोन्ही हातात धरतो, दोनदा चावतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि टाकून देतो. मग दुसरा उचलतो, तोही टाकतो. गवताकडे तर बघतही नाही. हनुवटीखालचे केस ओले होऊन गुच्छ झालेत, पुढच्या पंजांवरही ओलसर दिसतंय, आणि उजव्या डोळ्यातून पाणी येतंय. लेंड्या आधी टपोऱ्या असायच्या त्या आता बारीक आणि कमी. किचनच्या काट्यावर वजन केलं तर ५३० ग्रॅम, आधीच्या मालकानं दिलेल्या कागदावर ६१० लिहिलंय.

घराजवळच्या क्लिनिकमध्ये नेलं, तिथे कुत्री-मांजरीच जास्त येतात. डॉक्टरांनी ओठ वर करून पुढचे दात बघितले, म्हणाले दात छान केशरी आहेत, लांबीही बरोबर, काही प्रॉब्लेम नाही, डोळ्याला इन्फेक्शन वाटतंय. आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं तोंडातून द्यायला. अजून एकही डोस दिलेला नाही कारण नेटवर कुठेतरी उलटसुलट वाचलं आणि घाबरले.

घरात एसी ७० फॅरनहाइटवर असतो त्यामुळे गरमीचं काही नसावं. सफरचंदाच्या काड्या कुरतडायला भरपूर आहेत, मग दात वाढायचं कारण काय? आई साताऱ्याहून आलीये, ती म्हणते गवत नको झालं असेल बिचाऱ्याला, रोज रोज काय तेच, भाकरीचा तुकडा दे, काकडी दे. मलाही वाटायला लागलंय की निदान काहीतरी पोटात जाऊ दे.

तर प्रश्न असे की हे दातांचं असू शकतं का पुढचे दात चांगले असूनही, ते सिरप देऊ का, आणि उद्या शनिवार आहे तर सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

---

रानमांजर

अदिती, आधी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं, बाकी नंतर.

सिरप देऊ नका. चिंचिलाला तोंडावाटे पेनिसिलिन गटातलं औषध देत नाहीत, अमॉक्सिसिलिन त्यातच येतं. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन हीसुद्धा नकोत. ह्या प्राण्यांचं पचन आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंवर चालतं, ही औषधं नेमके तेच मारतात, मग क्लॉस्ट्रिडियम नावाचा वाईट जिवाणू माजतो, त्याचं विष रक्तात जातं आणि काही दिवसांत प्राणी जातो. सशांचं, गिनीपिगचंही तसंच. अँटिबायोटिकची खरंच गरज असेल तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा असली औषधं वापरतात, पण ते व्हेट ठरवेल, तुम्ही आम्ही नाही.

आणि सोमवारपर्यंत थांबू नका. खायला येतो आणि टाकून देतो म्हणजे भूक आहे, तोंड दुखतंय. ६१० चे ५३० म्हणजे आठवा हिस्सा वजन गेलं. गवत खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात सतत काहीतरी सरकत राहावं लागतं. ते थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि यांना ओकारी काढता येत नाही, त्यामुळे गॅसला बाहेर यायला वाट नाही. शिवाय उपाशी राहिला तर लिव्हरवर चरबी चढते ते वेगळंच.

आजच फोन फिरवा आणि विचारताना "चिंचिला बघता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "चिंचिलाच्या दाढा भूल देऊन तपासता का, डोक्याचा एक्सरे काढता का" असं विचारा. जिथे लगेच हो येईल तिथे जा. तुमच्या न्यू जर्सीत एक्झॉटिक्स, म्हणजे कुत्री-मांजरी सोडून वेगळे पाळीव प्राणी, बघणारे व्हेट आहेत, इमर्जन्सीवाली हॉस्पिटलंही आहेत, जवळच्या एखाद्या ससा-गिनीपिग रेस्क्यूला फोन केलात तर ते अर्ध्या मिनिटात नाव सांगतील, त्यांचा रोजचा धंदा आहे तो.

पोट हाताला कडक, ढोलकीसारखं लागत असेल, किंवा लेंड्या पूर्ण बंद झाल्या असतील, किंवा कोपऱ्यात पाठ वाकवून बसला असेल तर उद्याची पण वाट नको, रात्रीच निघा.

---

अदिती_एडिसन

बाप रे. थँक्यू रानमांजर. सिरप कपाटात वर ठेवून दिलं. पोट मऊ आहे, लेंड्या थोड्या येतायत. फोन लावतेय. काकडीचं काय? आई सोललेली काकडी हातात घेऊन उभी आहे.

---

रानमांजर

काकडी नको, भाकरी तर अजिबात नको. आईंना सांगा पिठाचं आणि पाण्याचं पोटात गेलं की गॅसच होणार.

---

लीड्सची_खारूताई

अदिती, तू लिहिलंयस ते सगळं वाचून मला आमच्या मोतीचे दिवस आठवले, अगदी हेच, दाणा उचलायचा, टाकायचा, परत उचलायचा. म्हणून सविस्तर लिहिते, व्हेटकडे जायच्या आधी वाचून जा म्हणजे ते काय बोलतायत ते कळेल.

चिंचिलाला वीस दात असतात. त्यातले पुढचे चार, पटाशीचे, तेवढेच आपल्याला दिसतात. बाकी सोळा दाढा आत गालांच्या मागे. आणि नुसते पुढचेच नाही, सगळेच्या सगळे वीस दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांची मुळं कधी बंदच होत नाहीत. त्यामुळे पुढचे दात केशरी आणि सरळ आहेत हे चांगलंच आहे (पांढरे पडले असते तर ती वेगळी काळजी), पण त्यावरून मागे काय चाललंय ते समजत नाही. ह्यांचं तोंड इतकं चिंचोळं असतं की जागेपणी कानात घालायची ती दुर्बीण तोंडात घालून बघितलं तरी दोनचार दाढाच दिसतात, जीभ मध्ये येते, गाल मध्ये येतात. नीट बघायचं तर भूल द्यावीच लागते.

आता काड्यांचं. हे सगळ्यांना चुकीचं सांगितलेलं असतं, पेट शॉपवाले तर काड्यांचे गठ्ठेच विकतात दातांसाठी म्हणून. काडी कुरतडते पुढच्या दातांनी, तर झिजणार पुढचेच दात. दाढा झिजतात गवत चघळताना, कारण टिमथीचं लांब पातं खाताना जबडा आडवा फिरतो, दाढेवर दाढ घासते, आणि गवतात सिलिका असते ती कानशीचं काम करते. पेलेट कडक असला तरी तो नुसता वरखाली दाबून फुटतो, दोन चाव्यात पीठ, घासणं होतच नाही. बिया-मनुका तर सोडूनच दे. म्हणजे ज्या चिंचिलानं पहिली पाच-सहा वर्षं असलं मिक्स खाल्लं त्याच्या दाढांना झीज मिळालीच नाही. त्यात काहींच्या जबड्याची ठेवणच तशी असते, आनुवंशिकही असतं, त्यामुळे उत्तम गवत खाणाऱ्यालाही कधी कधी होतं, तेव्हा आधीच्या मालकाला मनातल्या मनात शिव्या देत बसू नकोस. पण असा नर असेल तर त्याची पिल्लं काढू नयेत हे नक्की.

दाढा वाढल्या की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वर वाढलेल्या भागाला टोकं येतात, खालच्या दाढांची आत जिभेकडे, वरच्यांची बाहेर गालाकडे, आणि ती टोचतात, कापतात. म्हणून लाळ, म्हणून ओली हनुवटी, म्हणून पंजे ओले कारण तो पुसत राहतो. हे भूल देऊन बर्रनं, म्हणजे दात घासायच्या छोट्या फिरत्या यंत्रानं, घासून काढता येतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट, दाताला वर जागा मिळाली नाही की मूळ उलट्या दिशेनं हाडात घुसायला लागतं. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर बारीक उंचवटे लागतात. वरची मुळं डोळ्याच्या खोबणीकडे जातात, अश्रूंची नळी दाबली जाते आणि डोळ्यातून पाणी. तुझ्या डॉक्टरांना ते डोळ्याचं इन्फेक्शन वाटलं त्यात नवल नाही, लांबून तसंच दिसतं. मुळांना काही करता येत नाही, घासता येत नाहीत, तिथे वेदनाशामक आणि खाणं सांभाळणं एवढंच. म्हणून एक्सरे महत्त्वाचा, वर किती आणि मुळाशी किती हे त्यातूनच कळतं. सीटी स्कॅन असेल तर अजून स्पष्ट, पण महाग पडतो.

व्हेटला विचारायचं ते असं. दात घासणार की कापणार? कापायच्या पक्कडीनं दात उभा चिरतो, तेव्हा बर्रच हवं. घरी वेदनाशामक देणार का? मेलॉक्सिकॅम देतात बहुतेक, ते मागून घ्यायचंच, दुखत राहिलं तर दाढा साफ होऊनही तो खाणार नाही. आणि भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवा असं सांगितलं तर परत विचार, कुत्र्यामांजराला तसं करतात कारण ओकारीची भीती, चिंचिलाला ओकारीच नाही, उपाशी ठेवून उलट आतडं थांबायचं.

तोपर्यंत घरी: क्रिटिकल केअर म्हणून गवताची पावडर मिळते, ऑक्सबोची, ती कोमट पाण्यात सरसरीत कालवून सिरिंजनं. नाही मिळाली तर त्याचेच पेलेट्स पाण्यात भिजवून चुरून. टॉवेलात गुंडाळायचा, छाती दाबायची नाही, सिरिंज समोरून न घालता पटाशीच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूनं घालायची, थेंब थेंब, चावून गिळतोय का बघत. समोरून एकदम सोडलं तर श्वासनळीत जातं. पोट फुगलेलं असेल तर मात्र व्हेटनं बघितल्याशिवाय काही भरवायचं नाही. किती, किती वेळा, ते फोनवर विचारून घे, वजनावर असतं.

आणि पकडताना मानेची किंवा पाठीची कातडी धरू नकोस, घाबरला की केसांचा अख्खा पुंजका हातात देऊन निसटतो. दिसायला भयंकर दिसतं पण उगवतात परत, वेळ लागतो.

---

बांधावरून

बरीच माहिती मिळाली. एक शंका. इथे गवत गवत चाललंय तर आपली लसूणघास का नको? आमच्याकडे शेळ्यांना, सशांना सगळ्यांना तीच, तोंडाला लावली की थांबत नाहीत. अमेरिकेत अल्फाल्फा नावानं मिळते तीच ना? न खाणाऱ्याला निदान चव तरी येईल.

---

लीड्सची_खारूताई

तीच. पण लसूणघास द्विदल आहे, प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. पिल्लांना, गाभण मादीला थोडी ठीक, ह्यांची गाभण १११ दिवस चालते आणि पिल्लं केसांसकट डोळे उघडे घेऊनच जन्मतात, त्यामुळे आईला ताकद लागते. मोठ्या नराला रोज दिली तर मूत्राशयात कॅल्शियमचे खडे होतात, आणि नरांना खडा अडकला की ऑपरेशनच. चार दिवस भूक उघडायला चिमूटभर दिली तर माझी हरकत नाही, काही व्हेटही तसं सांगतात, पण मुख्य अन्न टिमथी किंवा ऑर्चर्ड गवतच. शेळीला चालतं ते ह्याला चालेल असं नाही हो दादा, हा प्राणी चिलीतल्या डोंगरावरचा, तिथे खडकात काटेरी झुडपं आणि सुकलेलं गवत, त्यावरच पोट जमलंय त्याचं. पौष्टिक खाऊ घातलं की आजारी पडतो असा हा उलटा प्रकार.

---

बांधावरून

मग आमच्या मराठवाड्यात मजेत राहील की. सुकलेल्या गवताला तोटा नाही 😀

---

पेठेतला

बरं झालं धागा निघाला. मुलीनं रील्स बघून बघून डोकं खाल्लंय, चिंचिला पाहिजे म्हणून. इथे पुण्यात एकजण विकतोय, म्हणतो हॅमस्टरसारखाच असतो, पिंजऱ्यात ठेवायचा, आठवड्याला अंघोळ घालायची, बास. आमच्या घरी हॉलमध्ये कूलर आहे, बेडरूमला एसी आहे. घ्यावा का? प्रामाणिकपणे सांगा, मुलीला वाचून दाखवणार आहे.

---

रानमांजर

मुलीला वाचून दाखवणार असाल तर सरळच लिहितो. नका घेऊ.

त्याच्या अंगावर एका मुळातून पन्नास-साठ केस उगवतात. त्याच केसांपायी माणसानं जंगलातले जवळपास संपवले. आज घराघरात जे दिसतात त्यातले बहुतेक १९२३ साली मॅथायस चॅपमन नावाच्या खाण इंजिनिअरनं कॅलिफोर्नियात नेलेल्या अकरा चिंचिलांचे वंशज, आणि तेही फरच्या धंद्यासाठी नेलेले, पाळायला नव्हे. जंगलातले आता चिलीत थोड्याशा जागी उरलेत, इयापेलजवळ त्यांच्यासाठी १९८३ साली राखीव क्षेत्र केलं.

तर हा असा कोट घातलेला प्राणी. घाम येत नाही. १६ ते २१ सेल्सियस त्याला बरं, २५ च्या वर गेलं की धोका सुरू, आणि हवा दमट असेल तर त्याहून आधीच. अमेरिकेत लोक फॅरनहाइटचा आकडा आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करतात, १५० च्या वर गेली की सावध. आता पुण्याचा मे धरा, १०० च्या वर फॅरनहाइट एकट्याचंच. जूनमध्ये पाऊस आला की तापमान उतरतं पण आर्द्रता ऐंशीच्या वर. कूलर तर हवेत पाणीच सोडतो. म्हणजे एसी, तोही वर्षातले बरेच महिने चोवीस तास, आणि तो असतो रात्रीचा प्राणी, म्हणजे बेडरूममध्ये ठेवलात तर रात्री दोनला चाक फिरवणार. लाइट गेली तर घरच्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. तुम्ही लग्नाला कोल्हापूरला गेलात आणि मागे चार तास लाइट गेली की विषय संपला.

अंघोळीचं तर विक्रेत्याला माहीतच नाही असं दिसतंय. पाणी नाही! भिजला तर आतला केस दिवसभर वाळत नाही, बुरशी धरते, थंडी भरते. ज्वालामुखीच्या राखेसारखी बारीक धूळ असते ती भांड्यात ठेवायची, हा त्यात लोळतो, आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं, मग भांडं उचलायचं. नदीची वाळू, टाल्कम पावडर, रांगोळी असलं काही नाही.

आणि जगतो दहा-पंधरा वर्षं, वीसही. मुलगी आज दहाची असेल तर ती नोकरीला लागेल तेव्हा हा तुमच्या गळ्यात असेल.

कायद्याचंही बघा. जंगली चिंचिला साइटसच्या (वन्य प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, पाळीव जातीला त्यातून सूट आहे, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यात विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचं प्रकरण आलंय, त्यामुळे विकणाऱ्याकडे आयातीचे आणि जन्माचे कागद मागा. जो चिंचिलाला पाण्यानं अंघोळ घाला म्हणतो त्याच्याकडे कागद असतील असं मला वाटत नाही.

---

लीड्सची_खारूताई

गरमीबद्दल रानमांजरला दुजोरा. इकडे इंग्लंडात २०२२ च्या जुलैमध्ये पारा पहिल्यांदा ४० च्या वर गेला, घरात कुणाकडे एसी नाही, आम्ही पिंजरा उचलून तळघरात नेला, ग्रॅनाइटच्या लाद्या आळीपाळीनं फ्रीजमध्ये थंड करून त्यावर मोती पसरून झोपायची. नुसता पंखा लावून काही होत नाही, घामच नाही तर वाऱ्यानं वाळणार काय.

ऊन लागल्याची लक्षणं: कान लालभडक आणि गरम, आडवा पडून राहणं, तोंडानं धापा, लाळ. अशा वेळी थंड खोलीत न्यायचं, कानांना आणि पंज्यांना गार ओलं फडकं, बर्फाचं पाणी नाही, बुडवायचं तर मुळीच नाही, आणि थेट व्हेट. नंतर ठीक दिसला तरी व्हेट, कारण आतलं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

---

पेठेतला

वाचून दाखवलं. मुलगी म्हणते "मग त्या लोकांनी एसी लावला तसा आपण लावू." बायकोनं लाइटबिल दाखवलं. सध्या गिनीपिगवर तडजोड चाललीये, त्यांचं काय ते वेगळा धागा काढून विचारतो. धन्यवाद दोघांनाही.

---

अदिती_एडिसन

अपडेट. त्याच रात्री एका एक्झॉटिक्सवाल्या हॉस्पिटलात अपॉइंटमेंट मिळाली, तासभर ड्राइव्ह होता, पिंजऱ्यात फ्लीसचा रुमाल आणि गाडीत एसी फुल, आई मागे स्वेटर घालून बसली.

निदान दाढांचंच. फोनवर विचारल्याप्रमाणे भूल देऊन तपासलं. खालच्या डाव्या बाजूच्या दाढांना टोकं आली होती आणि जिभेच्या कडेला जखम, डॉक्टरांनी छोट्या कॅमेऱ्यातला फोटो दाखवला, दाढेचं टोक म्हणजे अक्षरशः काटा आणि त्याच्या बरोब्बर समोर जिभेवर पांढरट चट्टा. ते बघितल्यावर गवत का टाकत होता ते विचारायलाच नको. बर्रनं घासलं. एक्सरेमध्ये वरच्या उजव्या दाढांची मुळं थोडी लांबलेली दिसतायत, म्हणून त्या बाजूचा डोळा. खालची मुळं अजून ठीक. डॉक्टर म्हणाल्या हे बरं होणारं नाही, सांभाळायचं आहे, दोन-तीन महिन्यांनी परत बघू, काहींना वर्षातून दोनदा घासावं लागतं, काहींना दर सहा-आठ आठवड्यांनी.

अमॉक्सिसिलिनची बाटली दाखवली तर त्यांनी एकही डोस दिला नाही ना असं दोनदा विचारलं. मेलॉक्सिकॅम दिलंय आणि क्रिटिकल केअर. बिल बघून नवरा दोन मिनिटं बोललाच नाही. ज्यांना चिंचिला घ्यायचाय त्यांनी हा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा, पिंजऱ्यापेक्षा कितीतरी जास्त.

सिरिंजचं काम आईनं घेतलंय. माझ्याकडे अंग चोरतो, तिच्या मांडीवर टॉवेलात गप्प बसून चाटतो. आई म्हणते लहान बाळाला गुटी द्यायची असते तशीच तर आहे, बाजूनं घालायची. काल रात्री टिमथीचं एक पातं तोंडात धरून आत ओढत ओढत पूर्ण खाल्लं, कडकड आवाज येत होता. वजन ५३०, मग ५२५ झालं होतं भुलीनंतर, आज ५४०.

आता दोन शंका. धुळीची अंघोळ चालू ठेवू का, डोळा अजून ओला आहे. आणि पाठीच्या खालच्या बाजूचे केस आखूड झालेत, कातरल्यासारखे, कातडी दिसत नाही. हे बुरशीचं का? आईचा हात सतत लागतोय म्हणून विचारते.

---

रानमांजर

मस्त बातमी. ५४० म्हणजे दिशा बरोबर आहे.

धूळ डोळा कोरडा होईपर्यंत बंद. ती बारीक भुकटी ओल्या डोळ्यात चिकटते. पंधरा दिवस अंघोळ नसली तर केस जरा तेलकट दिसतील, बिघडत काही नाही. हनुवटीचे गुच्छ कापसाच्या किंचित ओल्या बोळ्यानं पुसून लगेच कोरडे करा, नाहीतर लाळेनं खालची कातडी सोलवटते.

केस आखूड आणि कातडी झाकलेली असेल तर तो स्वतःच चावत असणार. दुखणं, कंटाळा, जागा बदलणं, कशानंही करतात, आणि एकदा सवय लागली की दुखणं गेलं तरी काहीजण सोडत नाहीत. बुरशी असेल तर गोल टक्कल पडतं, कोंडा धरतो, बहुतेक नाक, कान, डोळ्यांभोवती आणि पंज्यांवर आधी. ती मात्र माणसाला लागते, आपलं गजकर्णच ते. तसं काही दिसलं तर व्हेटला केसाचा नमुना घ्यायला सांगा आणि आईंना हातमोजे. तोपर्यंत साबणानं हात धुतले की पुरे.

---

लीड्सची_खारूताई

अदिती, वाचून बरं वाटलं. मोतीच्या वेळी आम्ही दीड-दोन वर्षं असं सांभाळत काढली, मधले महिने एकदम छान, चाकावर पळायची. शेवटी मुळं डोळ्यामागे गेली तेव्हा थांबायचं ठरवलं. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, पण कधीतरी व्हेट तो विषय काढेल तेव्हा एकदम अंगावर येऊ नये म्हणून. भुरूची खालची मुळं ठीक आहेत म्हणजे तू बऱ्याच आधी पोचलीस.

एक वही घाल. रोज एकाच वेळी वजन, संध्याकाळी उठला की वाटी वाजवायच्या आधी. सगळं ठीक झालं की आठवड्यातून एकदा. आमच्याकडे दर वेळी लाळ दिसायच्या आठवडाभर आधी वजन घसरलेलं असायचं, सलग पंधरा-वीस ग्रॅम गेले की मी फोन करायचे. दाढ घासायची वेळ झाली हे काटाच पहिला सांगतो.

गवताचं अजून एक, दोन-तीन प्रकार मिसळून ठेव. जीभ बरी होईपर्यंत टिमथीची दुसरी कापणी घे, ती मऊ असते, मग हळूहळू पहिलीवर ने. पेलेट्स दिवसाला चमचा-दीड चमच्याच्या वर नकोत, पोट तिथेच भरलं तर गवत कोण खाणार. पण हे वजन परत आल्यावर, आत्ता जे खाईल ते खाऊ दे. आणि पिंजऱ्यात जाळीचा तळ असेल तर त्यावर लाकडी फळी टाक, अशक्त असताना पाय अडकून नडगी मोडते.

---

अदिती_एडिसन

वही घातली. आईनं घातली खरं तर, तारीख-वजन-लेंड्या असे रकाने आखलेत. तळ लाकडीच आहे. दुसऱ्या कापणीचं गवत ऑनलाइन मागवलंय, मंगळवारी येईल. बर्रचा पुढचा नंबर ऑक्टोबरमध्ये, मला तेव्हा इंडियाला जायचंय, एडिसन-पिस्काटावे भागात चिंचिला ठेवून घेणारं, सिरिंज द्यायला येणारं कोणी असेल तर मेसेज करा प्लीज.